बी सगळ्यात शेवटी

ऑगस्ट सरत आला की न्यू जर्सीतल्या मोठ्या दुकानांच्या दाराशी गवताच्या बियांच्या पोत्यांची थप्पी लागते. पोत्यावर हिरव्यागार अंगणाचं चित्र, त्यात लोळणारं एखादं गुबगुबीत कुत्रं आणि ठसठशीत अक्षरांत हमी. जुलैच्या उन्हात ज्यांचं लॉन पिवळं पडलेलं असतं, ते शनिवारी सकाळी एक पोतं गाडीत टाकतात, दुपारी मुठीमुठीनं बी फेकतात, संध्याकाळी नळी धरून उभे राहतात आणि सोमवारपासून खिडकीतून बघू लागतात. बरंचसं बी चिमण्या टिपतात. थोडं पहिल्याच सरीबरोबर वाहत फुटपाथवर येतं. उरलेलं उगवतं आणि पुढच्या जुलैत पुन्हा जळतं. मग पुन्हा ऑगस्ट, पुन्हा पोतं.

एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात लॉन दुरुस्तीची कामं घेणारे एक मराठी गृहस्थ आहेत. गिऱ्हाइकं त्यांना नुसतं 'काका' म्हणतात. मूळचे सांगलीकडच्या ऊसपट्ट्यातले. फोनवर कुणी "काका, किती पौंड बी आणून ठेवू?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "काही आणू नका. आधी गवत गेलं कशानं ते बघू." त्यांच्या कामाच्या यादीत बी सगळ्यात शेवटी येतं. उघडा पडलेला तुकडा ही त्यांच्या लेखी रिकामी जागा नसून तक्रार असते. ती न ऐकता वर बी टाकणाऱ्याला दर वर्षी बी टाकत राहावं लागतं, असा त्यांचा अनुभव.

पेरणी म्हटलं की मराठी मन आपोआप मृगाकडे धावतं. इथे मात्र हंगाम गणपतीच्या आसपास उघडतो आणि नवरात्राच्या सुमारास मिटतो. याचं कारण गवताच्या जातींत आहे. न्यू जर्सीतल्या लॉनमध्ये मुख्यतः तीन गवतं असतात: टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास आणि पेरेनियल रायग्रास. तिन्ही मूळची अटलांटिकपलीकडची. केंटकी ब्लूग्राससुद्धा केंटकीची नव्हे, युरोप-आशियातली. थंड हवेत वाढायची त्यांची सवय. वसंतात आणि शरदात ती जोमानं मुळं सोडतात, भर उन्हाळ्यात मरगळतात. त्यांचं हाडवैरी क्रॅबग्रास नेमकं उलटं. वसंतात मातीचं तापमान 13 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ते उगवायला लागतं, उन्हाळ्यात फोफावतं आणि पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत मरतं.

त्यामुळे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा शेवट हे दिवस मोलाचे. माती अजून उबदार, रात्री गार, पहाटे दव, आणि क्रॅबग्रासची सद्दी संपत आलेली. या दिवसांत उगवलेल्या रोपाला पहिला उन्हाळा सोसण्याआधी एक शरद आणि एक वसंत असे दोन हंगाम मिळतात. एप्रिलमध्ये पेरलेल्याच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात. एप्रिलमध्ये आणखी एक पेच असतो. क्रॅबग्रास उगवू नये म्हणून मातीवर जी औषधं टाकतात, त्यांतली बहुतेक पेरलेल्या गवतालाही उगवू देत नाहीत. एकाच महिन्यात तण रोखायचं आणि बीही रुजवायचं, हे सहसा जमत नाही.

काका पाहणीला येतात तेव्हा त्यांच्या हातात लांब पात्याचा एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक फावडं असतं. स्क्रू-ड्रायव्हर ते तळव्याच्या जोरानं जमिनीत खुपसतात. मुठीपर्यंत गेला तर ठीक. इंच-दीड इंचावर अडला तर निम्मं निदान तिथेच झालं. या भागातली माती लाल शेल खडकापासून बनलेली, चिकण आणि दाबली की दगड होणारी. त्यात घरं बांधताना वरची चांगली माती बऱ्याचदा खरवडून बाजूला काढतात, महिनोन् महिने जड यंत्रं फिरवतात आणि शेवटी पातळसा थर परत पसरून त्यावर तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरतात. घराचा ताबा घेताना अंगण हिरवं दिसतं, पण मुळांना खाली शिरायला वाट नसते. असलं लॉन वरवरच्या ओलाव्यावर जगतं आणि पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात मान टाकतं.

स्क्रू-ड्रायव्हर सहज शिरला, पाणीही नीट मिळत होतं आणि तरी सप्टेंबरात डाग पडले, तर मग फावड्याची पाळी. काका उघड्या तुकड्याच्या मधोमध खणत नाहीत. जिथे हिरवं आणि पिवळं एकमेकांना भेटतं, तिथे ते एक चौरस फूट आखतात, तीन बाजूंनी कापतात आणि चौथ्या बाजूवर गवताचा थर उलटतात. एकदा एका घरी कापायची गरजच पडली नाही. कडेला धरून ओढल्याबरोबर सगळा थर मुळांवाचून हातात आला. खाली मळकट पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या पडल्या होत्या.

"शी! हे काय, काका?" घरच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"हुमणी," काका म्हणाले. "आमच्याकडे ऊस खाते, तुमच्याकडे लॉन."

जात वेगळी, पण घराणं एकच. सांगली-कोल्हापूरच्या उसाला छळणारी हुमणी आणि इथली अळी या दोन्ही भुंगेऱ्यांच्या एकाच कुळातल्या. तिकडे वळवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. संध्याकाळी फांद्या हलवून ते वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, हे काम काकांनी लहानपणी केलेलं. इकडचा भुंगेरा म्हणजे जपानी बीटल. हिरव्या धातूसारखा चमकणारा आणि तांबूस पंखांचा हा प्राणी अमेरिकेत प्रथम सापडला तो न्यू जर्सीतच, 1916 साली, रिव्हर्टन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत. आयरिसच्या कंदांसोबत आलेल्या मातीतून तो जपानहून आला असावा, असं मानलं जातं. तो जुलैच्या सुमारास लॉनमध्ये अंडी घालतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळं कुरतडतात. चौरस फुटात दोन-चार अळ्या धडधाकट लॉन सहज सोसतं. आठ-दहा निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त. नाहीतर नव्या रोपांची कोवळी मुळं त्यांना आयतीच मिळतात.

मातीची तपासणी ही काकांची दुसरी अट. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा नाममात्र शुल्क घेऊन घरगुती नमुने तपासून देते. लॉनच्या दहा-बारा ठिकाणची वरच्या काही इंचांतली माती स्वच्छ बादलीत एकत्र करायची, वाळवायची आणि पाठवायची, एवढंच काम. या भागातली माती बहुधा आम्लधर्मी निघते. गवताला सहा ते पावणेसातच्या दरम्यानचा सामू मानवतो. तो साडेपाचच्या खाली असला की खत घालूनही गवताला ते पुरतं लागू पडत नाही. मग चुना लागतो. चुन्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, म्हणून अहवाल जितक्या लवकर हातात येईल तितकं बरं. 'शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपणही टाकू' या हिशेबानं चुना टाकायला काका साफ नकार देतात.

मग बियांची निवड. इथे काका पोत्याच्या चित्राकडे बघतच नाहीत. पोतं उलटं करतात आणि मागचं बारीक अक्षरांतलं लेबल वाचतात. अमेरिकेतल्या कायद्यानुसार त्यावर शुद्ध बी किती, उगवण किती टक्के, इतर पिकांचं बी किती, तणाचं किती, निर्जीव भाग किती आणि तपासणी कोणत्या महिन्यातली, हे सगळं छापावंच लागतं. समजा, बियांवर लेप चढवलेला आहे, शुद्ध बी 49 टक्के आणि उगवण 85 टक्के. गुणाकार केला की पन्नास पौंडांच्या पोत्यात उगवू शकणारं बी एकवीस पौंडही भरत नाही. 'इतर पिकं' हा रकाना दिसायला निरुपद्रवी, पण सगळ्यात फसवा. ऑर्चर्डग्राससारखं चाऱ्याचं गवत कायद्यानं तण ठरत नाही, म्हणून ते इथे बसतं आणि दोन वर्षांनी लॉनमध्ये राठ, फिक्या हिरव्या झुपक्यांनी वर येतं. त्याला निवडून मारणारं औषध नसल्यामुळे झुपके हातानं उपटावे लागतात.

स्वस्त पोत्यांत हमखास भेटणारी जात म्हणजे 'केंटकी 31'. तिची कहाणी ऐकण्याजोगी आहे. 1931 साली केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक ई. एन. फर्गस यांना मेनिफी काउंटीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात हे फेस्क्यू दिसलं. आजूबाजूचं गवत सुकलेलं असतानाही ते टिकून होतं. त्यांनी बी नेलं, चाचण्या घेतल्या, आणि 1943 मध्ये ही जात शेतकऱ्यांना मिळाली. कुरणं, बांध, रस्त्यांच्या कडा, सगळीकडे ती पसरली. पण तिच्यावर चरणारी गुरं उन्हाळ्यात धापा टाकत, वजन धरत नसत, काहींचे खूर सडत. 1970 च्या दशकात उलगडा झाला की या गवताच्या आत एक बुरशी राहते. बाहेरून ती दिसत नाही, बियांमधून पुढच्या पिढीत उतरते आणि तिची रसायनं गुरांना बाधतात. हीच रसायनं गवताचा रस शोषणाऱ्या आणि पानं कुरतडणाऱ्या किड्यांनाही नकोशी असतात. जिथे गाय चरत नाही त्या लॉनला हा फायदाच. म्हणून लॉनच्या अनेक सुधारित जातींत ही बुरशी मुद्दाम राखली जाते. बी उन्हात, तापलेल्या गराजमध्ये ठेवलं तर बुरशी बियांआधी मरते. काका बी तळघरात गार जागी ठेवतात ते यासाठी.

'केंटकी 31'ची पानं रुंद आणि राठ. अनवाणी चालण्याजोगं बारीक पानाचं टॉल फेस्क्यू आलं ते पुढे, 1980 च्या सुमारास, आणि तेही न्यू जर्सीतूनच. रटगर्सचे गवतशास्त्रज्ञ सी. रीड फंक यांनी 'रेबेल' ही जात काढली. त्याआधी 1967 मध्ये त्यांची 'मॅनहॅटन' ही रायग्रासची जात आली होती. तिचे पूर्वज त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या शीप मेडो या मैदानातून उचलले होते. 1934 पर्यंत त्या मैदानावर खरोखरच मेंढ्या चरत. नंतर माणसांनी ते तुडवलं. एवढं सोसून जे ठिपके दाट आणि हिरवे राहिले, तेच फंक यांनी खणून नेले. जुनी उद्यानं, दफनभूमी, दुर्लक्षित मैदानं अशा ठिकाणी टिकलेलं गवत शोधत ते हिंडायचे.

लॉन दुरुस्त करणाऱ्यालाही हीच नजर लागते. गेलेलं गवत जितकं बोलतं तितकंच राहिलेलं बोलतं. अर्ध्याहून जास्त जागा तणानं व्यापली असेल तर सगळं मारून नव्यानं सुरुवात करणं शहाणपणाचं. पण निम्म्याच्या वर चांगलं गवत उभं असेल तर काका त्याला हात लावत नाहीत, त्याच्या मधल्या जागा भरतात. अशा वेळी गिऱ्हाईक थोडं हिरमुसतं. सगळं उखडून काढलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं ना!

प्रत्यक्ष काम एका दिवसाचं. आधी मोअरची पाती खाली करून गवत दीड इंचावर कापायचं आणि कापलेलं सगळं गोळा करायचं, म्हणजे उजेड मातीपर्यंत पोचतो. मग भाड्यानं आणलेलं एअरेटर. त्याच्या पोकळ नळ्या जमिनीतून मातीचे दोन-तीन इंचांचे गोळे उपसून वर टाकतात. गोळे तसेच राहू द्यायचे, पावसानं आपोआप विरघळतात. घट्ट जमिनीवर एक फेरी पुरत नाही, दुसरी आडवी मारावी लागते. त्यानंतर चिरा पाडून बी सोडणारं यंत्र: निम्मं बी उभ्या फेऱ्यांत, निम्मं आडव्या. नव्या मातीवर टॉल फेस्क्यूला हजार चौरस फुटांमागे सहा ते आठ पौंड बी लागतं, विरळ झालेल्या लॉनला त्याच्या निम्मं. केंटकी ब्लूग्रासला दोन-तीन पौंडांत भागतं, कारण तिच्या एका पौंडात दहा लाखांच्या वर बिया असतात. फेस्क्यूच्या पौंडात सव्वादोन लाखांच्या आसपास. 'थोडं जास्त टाकलेलं बरं' हा मोह इथे महागात पडतो. दाटीवाटीनं उगवलेली रोपं एकमेकांना उपाशी ठेवतात आणि दमट हवेत बुरशीनं एकगठ्ठा बसतात.

यंत्र बंद झालं की काका गुडघ्यावर बसून एखादी चीर नखानं उकरतात. बी पाव इंच खोल आहे का, आणि त्याच्या अंगाला सगळीकडून माती चिकटली आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. काडीकचऱ्यावर अधांतरी अडकलेलं बी मोड आणतं आणि दुपारपर्यंत वाळतं. मातीत दबलेलं बी एखादी दुपार तहानेत काढू शकतं. वरून गव्हाचं काड विरळ पसरतात, खालची माती दिसत राहील इतकंच. चाऱ्याचं वाळलं गवत चालत नाही, त्यात तणांचं बी भरलेलं असतं.

यानंतरची कसोटी घरच्यांची. वरची माती ओलसर राहील इतकंच पाणी दिवसातून दोन-तीनदा शिंपडायचं, डबकं होऊ द्यायचं नाही. पाच-सात दिवसांत रायग्रासचे केसाएवढे कोंब दिसतात आणि घरात आनंदीआनंद होतो. पुढच्या आठवड्यात फेस्क्यू येतं. केंटकी ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेते. घटाभोवती पेरलेलं धान्य दसऱ्याला तुऱ्यात खोवण्याइतकं वाढतं, ब्लूग्रासनं तोवर डोकंही वर काढलेलं नसतं. नेमकं याच टप्प्यावर लोक 'उगवलं की सगळं' म्हणत पाणी बंद करतात आणि मागून येणारं बी मोड येऊन कोरड्या मातीत मरतं. सगळं उगवलं की पाणी कमी वेळा पण खोलवर द्यायला लागायचं, कारण आता मुळांना खाली बोलवायचं असतं. गवत साडेतीन-चार इंच झालं की धारदार पात्यानं तीन इंचांवर पहिली कापणी. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. आणि दोन-तीन कापण्या होईपर्यंत तणनाशकाचं नाव काढायचं नाही.

गणपतीच्या दिवसांत काकांच्या कामात एक खास मराठी अडचण येते. ड्राइव्हवेच्या कडेला, दक्षिणेचं ऊन खाणाऱ्या तापट मातीत कधीकधी हरळी पसरलेली सापडते. इथल्या लॉनवाल्यांच्या लेखी ती खोडसाळ तण. उन्हाळ्यात भराभर धावते आणि पहिल्या गोठवणाऱ्या थंडीनंतर वाळक्या काडासारखी पिवळी पडते, म्हणून हिरव्या फेस्क्यूत तिचं ठिगळ हिवाळाभर डोळ्यांत खुपतं. तिला मारायची वेळही नेमकी उन्हाळ्याच्या अखेरीची, ती जोमात असतानाची. पण घरात मखर सजत असतं आणि दूर्वा, म्हणजे हीच हरळी, हव्या असतात.

"काका, ते एवढं राहू द्या ना. भारतीय दुकानात दूर्वांची जुडी केवढ्याला मिळते माहितेय?"

काका डोक्याला हात लावतात. शेतात कुंदा आणि हरळी खणून काढता काढता त्यांच्या वडिलांची पाठ मोडलेली. तरी ते बाजूला होतात. एका घरी तोडगा निघाला तो असा: हरळीच्या चार कांड्या एका रुंद कुंडीत लावल्या, कुंडी हिवाळ्यात घरात खिडकीपाशी ठेवायची ठरली, आणि विसर्जनानंतर काकांनी कडेचा पट्टा साफ केला.

खताच्या बाबतीत मात्र तडजोड नसते. बार्नेगट उपसागरात लॉनवरून वाहत जाणाऱ्या खतामुळे पाणी बिघडू लागलं, तेव्हा न्यू जर्सीनं 2011 मध्ये देशातल्या कडक कायद्यांपैकी एक केला. घरमालकानं 15 नोव्हेंबर ते 1 मार्चपर्यंत लॉनला खत घालायचं नाही. फॉस्फरस एरवी बंद, मातीच्या तपासणीत कमतरता दिसली किंवा नवं बी टाकलं असेल तरच परवानगी. तपासणीच्या अहवालाचा आग्रह काका धरतात, त्यामागे हेही एक कारण.

आणि काही जागा अशा असतात की तिथे ते बी टाकायलाच तयार नसतात. या भागात रस्त्यांच्या कडेनं आणि घरांमागे नॉर्वे मेपल भरपूर. त्याची सावली गडद आणि मुळं अगदी वरवर. उजेडही त्याचा, पाणीही त्याचं. काही तास ऊन मिळत असेल तर बारीक पानांची फाइन फेस्क्यू निभावून नेतात, पण मेपलच्या बुंध्याशी त्यांचाही नाइलाज. एका घरी मालकांनी तिथे दर शरदात बी टाकलं होतं आणि दर मे महिन्यात माती पुन्हा उघडी पडली होती.

"या वेळी भारीतलं बी घेऊ की, काका," ते म्हणाले.

"घ्या. झाडाला बियांची किंमत वाचता येत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी फांद्यांच्या घेराबरोबर जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायला घेतली.

घरच्या बाई इतका वेळ ओट्यावरून ऐकत होत्या. रेघेच्या आत लाकडाचा भुसा पसरायचा आणि घेराच्या कडेला, जिथे सकाळचं थोडं ऊन येतं, तिथे उन्हाळ्यात अळूच्या कुंड्या ठेवायच्या, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मालक काही बोलले नाहीत. काकांनी फीत काढून रेघेच्या आतलं क्षेत्र मोजलं, वहीतल्या एकूण चौरस फुटांतून ते वजा केलं, बियांचे पौंड पुन्हा मांडले आणि आधी सांगितलेला आकडा खोडून त्याखाली नवा, कमी आकडा लिहिला.